काटेरी कोळ्याचा नामकर्ता : जोहान ख्रिश्चन फॅब्रिशिअस

दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली त्या दिवशी इयत्ता आठवीतील एक विद्यार्थी वडिलांचा मोबाइल हाती घेऊन शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी उभा राहिला. सुटीत तो आईवडिलांसह सावंतवाडीकडे गेला असता ही मंडळी वाटेत आंबोलीस उतरली होती. तेथील सदाहरित रानात, दोन झुडुपांमध्ये ताणलेल्या जाळ्याच्या मधोमध त्याने जे पाहिले, त्याचे छायाचित्र घेऊन तो आला होता. छायाचित्र उत्तम होते. करंगळीच्या नखाएवढा तो प्राणी. आठ पाय, म्हणून कोळी म्हणावयाचा. परंतु त्याचे पोट लांबीपेक्षा रुंदीस अधिक, खेकड्याच्या पाठीसारखे टणक व चकचकीत. त्यावर पिवळे आणि तांबूस-काळे पट्टे. आणि कडेने सहा काटे. जाळ्याच्या मुख्य धाग्यांवर ठिकठिकाणी रेशमाचे पांढरे ठिपके ओवल्यासारखे दिसत होते. मुलाचे प्रश्न दोन होते. याचे नाव काय, आणि हा विषारी आहे काय? दुसरा प्रश्न त्याच्या मातोश्रींचा असावा, कारण त्यांनी मुलाला दंड धरून मागे ओढले होते असे त्याने सांगितले.

आम्ही हिंगोलीची माणसे. कयाधूकाठच्या बाभळींत, औंढ्याच्या डोंगरातील पानझडी रानात आणि आमच्या घरांच्या आढ्यांत कोळी पुष्कळ. पण असे भरजरी वस्त्र नेसलेला कोळी आम्हीही प्रत्यक्ष पाहिलेला नव्हता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. मनुष्याला या कोळ्यापासून काही अपाय होत नाही. काटे आहेत ते त्याला गिळू पाहणाऱ्या पक्ष्यासाठी. पहिल्या प्रश्नास मात्र आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. रंगावर विसंबून नाव ठरवू गेलो आणि फसलो. कारण एकाच जातीत पिवळे, पांढरे, तांबडे असे निरनिराळे रंग आढळतात. मग काटे मोजले, ते कोठून निघतात आणि किती लांब आहेत हे पाहिले. दोन्ही कडांस दोन-दोन व मागील बाजूस दोन, मधली जोडी अधिक जाड, पण फार लांब नाही. एवढे जुळल्यावर नाव मिळाले. ते असे : गॅस्टराकँथा जेमिनाटा (फॅब्रिशिअस, १७९८).

मुलाने नाव दोनदा वाचले आणि तिसरा प्रश्न टाकला. हा कंसातला कोण, आणि त्याला कंसात का कोंडले आहे? प्रश्न आम्हास आवडला. प्राण्यांची नावे पाठ करणारी मुले पुष्कळ भेटतात; नावाच्या शेपटीस लोंबकळणाऱ्या माणसाची चौकशी करणारी विरळा. त्याचे उत्तर तासाभरात देऊन होण्यासारखे नव्हते, म्हणून ते येथे लिहीत आहोत.

जोहान ख्रिश्चन फॅब्रिशिअस याचा जन्म ७ जानेवारी १७४५ रोजी टोंडर या गावी झाला. हे गाव श्लेस्विग प्रांतातील. त्या काळी हा प्रांत डेन्मार्कच्या राजाच्या सत्तेखाली असून तेथे डॅनिश व जर्मन या दोन्ही भाषा चालत. वडील वैद्य होते. वयाच्या सतराव्या वर्षी, म्हणजे १७६२ मध्ये, झोएगा नावाच्या आप्तासमवेत तो स्वीडनमधील उप्साला विद्यापीठात दाखल झाला. कारण तेथे लिनिअस शिकवीत होता. सर्व प्राण्यांना आणि वनस्पतींना दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याची जी पद्धत आज सर्व जगात चालते, ती रूढ करणारा हाच तो लिनिअस. आदामाने सर्व प्राण्यांस नावे ठेवली असे उत्पत्तीच्या पुस्तकात आपण वाचतो. लिनिअसच्या समकालीनांनी त्याला थट्टेने दुसरा आदाम म्हणावे, इतके त्याचे त्या विषयात वर्चस्व होते.

या गुरुशिष्यांचा दोन वर्षांचा सहवास आमच्या मते फॅब्रिशिअसच्या चरित्रातील सर्वांत गोड भाग आहे, आणि सुदैवाने त्याने स्वतःच तो पुढे लिहून ठेवला. उन्हाळ्यात लिनिअस उप्सालाजवळच्या हॅमर्बी येथील आपल्या मळ्यावर राही. फॅब्रिशिअस, झोएगा आणि अमेरिकेहून आलेला कून असे तिघे विद्यार्थी तेथून जवळच एका शेतकऱ्याच्या घरी राहिले. हिवाळ्यात हे विद्यार्थी त्याच्या घरासमोरच राहत, तेव्हा लिनिअस आखूड झगा, डोक्यास टोपी, हाती चिलीम अशा थाटात मुलांच्या खोलीत येई. अर्धा तास बसतो म्हणून आलेला हा जगद्विख्यात पंडित दोन-दोन तास बोलत बसे. शंका ऐकून घेई, आणि मुलांच्या चुकांवर मनमोकळे हसे. उन्हाळ्यात रविवारी गुरूचे सर्व कुटुंब येई. मग एखाद्या शेतकऱ्यास वाद्य घेऊन बोलावीत आणि कोठारात नाच चाले. लिनिअस कोपऱ्यात झोएगाशी चिलीम ओढत बसलेला असे, व क्वचित स्वतःही उठून नाचे. गुरुकुलाची आपली कल्पना याहून फारशी निराळी नाही. फरक एवढाच की आपल्या गुरूंच्या हाती चिलीम आपण रंगवीत नाही!

लिनिअसचे बहुतेक शिष्य वनस्पतींकडे वळले. फॅब्रिशिअसने कीटक निवडले. त्या काळी कीटक या शब्दाची व्याप्ती फार मोठी होती. भुंगे, माश्या, फुलपाखरे यांजबरोबर कोळी, विंचू, गोम, एवढेच नव्हे तर खेकडेसुद्धा त्यातच घालीत. लिनिअसने या सगळ्यांची वाटणी मुख्यतः पंखांवरून केली होती. पंख किती, कसे, आहेत की नाहीत, यावरून. फॅब्रिशिअसला वाटले की पंख हे वाहन आहे. प्राण्याची खरी ओळख त्याच्या मुखात आहे. जो जे खातो तसे त्याचे मुख, आणि जसे मुख तसे त्याचे सारे राहणीमान. म्हणून त्याने कीटकांचे जबडे, सोंडा व नखे भिंगाखाली तपासून नवी वर्गवारी रचली. ती १७७५ मध्ये त्याच्या पहिल्या मोठ्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. त्या वेळी तो अवघा तीस वर्षांचा होता. जे शिष्य गुरूचे नाव घेऊन गुरूचीच वाक्ये जन्मभर घोळवीत बसतात, त्यांच्यापेक्षा गुरूवर जीव असूनही गुरूची मांडणी बाजूस सारणारा हा शिष्य आम्हास अधिक खरा वाटतो.

परंतु ही पद्धत फार कठीण होती. गव्हाच्या दाण्याएवढ्या किड्याचे तोंड तपासावयाचे म्हणजे डोळे फुटायची वेळ. पुढच्या पिढीने ती वर्गवारी जशीच्या तशी स्वीकारली नाही, व त्याने पाडलेली बहुतेक वर्गनामे आज पुस्तकांत उरलेली नाहीत. एक मात्र उरले आहे. चतुरांच्या गणास आजही ओडोनाटा म्हणतात, म्हणजे दातांचा गण; ते नाव फॅब्रिशिअसने १७९३ मध्ये दिले. कोळ्यांना व विंचवांना त्याने त्यांच्या नखासारख्या मुखांगावरून एका वर्गात बसविले, हे योग्यच केले. परंतु तो वर्ग कीटकांच्या घरातच ठेवला. आमच्या सहावीच्या मुलांस आज ठाऊक असते की कीटकास सहा पाय आणि कोळ्यास आठ. हे पाय फॅब्रिशिअसनेही मोजले होतेच, पण घर वेगळे करण्याइतके ते त्याला महत्त्वाचे वाटले नाहीत.

वर्गवारी गेली, नावे राहिली. आणि ती किती! लिनिअसने आयुष्यभरात सुमारे तीन हजार कीटकांस नावे दिली, तर या एका माणसाने सुमारे दहा हजारांस. एवढे कीटक त्याने आणले कोठून? स्वतः तो फार दूर कधी गेला नाही. उष्ण कटिबंधातील रान त्याने डोळ्यांनी पाहिले नाही. तो दुसऱ्यांच्या पेट्या पाहत असे. १७६० नंतरच्या दशकातच त्याने लंडन गाठले आणि पुढे कित्येक उन्हाळे तो तेथे जात राहिला. कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून १७७१ मध्ये परतलेल्या जोसेफ बँक्सचा संग्रह त्यास खुला होता. त्या संग्रहातच ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर धरलेला एक काटेरी कोळी होता. फॅब्रिशिअसने १७७५ च्या ग्रंथात त्याला नाव दिले, आणि अशा रीतीने त्या अफाट खंडातील शास्त्रीय नाव मिळालेला पहिला कोळी हा आमच्या आंबोलीच्या कोळ्याचाच भाऊबंद ठरला. अमेरिकेतील अशाच काटेरी कोळ्यास लिनिअसने १७५८ मध्येच खेकड्यासारखा म्हणून नाव दिलेले होते. गुरूने एक, शिष्याने दुसरा.

आता हिंदुस्थानाकडे येऊ. कारण येथे या कथेत आपली माणसे भेटतात.

तामिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचे गाव आहे. युरोपीय लोक त्याला ट्रँकेबार म्हणत. १६२० मध्ये तंजावरच्या नायक राजाकडून ते डॅनिश लोकांनी मिळविले आणि तेथे किल्ला बांधला. पुढे तंजावरची गादी भोसल्यांकडे आली. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांचे हे घराणे. ट्रँकेबारचे डॅनिश लोक या मराठी दरबारास वार्षिक खंडणी भरीत. याच गावी ९ जुलै १७०६ रोजी झिगेनबाल्ग व प्लुत्शाव हे दोन मिशनरी उतरले, आणि हिंदुस्थानातील प्रॉटेस्टंट मिशनकार्यास आरंभ झाला. आमच्यासारख्या शाळांची वंशावळ शोधीत गेल्यास ती या गावापर्यंत जाते.

१७६८ मध्ये या मिशनचा वैद्य म्हणून डॉक्टर कोनिग ट्रँकेबारला आला. तोही लिनिअसचाच शिष्य. रोगी पाहून झाल्यावर तो रानात वनस्पती शोधीत हिंडे, वाळवीच्या वारुळांचे निरीक्षण करी, आणि जमलेले नमुने युरोपात पाठवी. १७७१ मध्ये आलेले मिशनरी ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन यांनाही हाच नाद होता. शाळा चालवावी, उपदेश करावा आणि शिंपले, मासे, कीटक जमवावेत. त्याच वसाहतीत डाल्डॉर्फ नावाचा एक डॅनिश लष्करी अधिकारी होता. ताडाच्या झाडावर चढणारा मासा पाहिल्याचे त्याने लिहिले, आणि लोकांनी त्याची बरीच थट्टा केली. हा मासा खरोखरीच पाण्याबाहेर बराच काळ जगतो व जमिनीवर सरपटतो, एवढे नंतर सर्वांनी मान्य केले. ताडाचे काय ते ताड जाणे. या मंडळींच्या पेट्या सहा-सहा महिने समुद्रावर हेलकावत कोपनहेगनला पोहोचत. तेथे सेहेस्टेड व लुंड या फॅब्रिशिअसच्याच दोन शिष्यांनी मोठे संग्रह केले होते. गुरू येऊन ते उघडी, टाचणीला टोचलेला एकेक जीव भिंगाखाली धरी, आणि त्याचे वर्णन दोन-चार ओळींच्या लॅटिनमध्ये करून पुढच्याकडे वळे.

या पेट्यांत पहिला हात ज्याचा लागला, म्हणजे पहाटे रानात जाऊन जाळ्यावरून कोळी अलगद काढून ज्याने साहेबास आणून दिला, त्याचे नाव कोठेही कंसात नाही. तो कोणी तामिळ गडी असेल, मिशनच्या शाळेतील एखादा पोरगा असेल. शास्त्राच्या इतिहासात ही उणीव सर्वत्र आहे, आणि फॅब्रिशिअसच्या काळी ती उणीव आहे असे कोणास वाटतही नसे. आम्हास मात्र ते वाटते.

१७९३ मध्ये फॅब्रिशिअसने आशियातील एका काटेरी कोळ्यास धनुष्यासारखा वाकलेला म्हणून नाव दिले. त्याची मधली काट्यांची जोडी शिंगासारखी लांब व बाकदार असते. १७९८ मध्ये त्याच ग्रंथाची पुरवणी निघाली. त्या पुरवणीत हिंदुस्थानातील आणखी एक काटेरी कोळी आला, तो हा जेमिनाटा. त्या लॅटिन शब्दाचा अर्थ जोडीचा, जुळा. याच १७९८ मध्ये, मिशनरी श्वार्ट्झ साहेबांच्या देखरेखीखाली वाढलेले सरफोजी महाराज तंजावरच्या गादीवर बसले. ज्या श्वार्ट्झ साहेबांना महाराज पित्यासमान मानीत, त्यांनी त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत देह ठेवला होता. सरफोजी महाराजांना स्वतःला वैद्यक, वनस्पती व ग्रंथसंग्रह यांची केवढी आवड होती हे सरस्वती महाल ग्रंथालय पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. एका बाजूस कील शहरात लॅटिन लिहीत बसलेला प्राध्यापक, दुसऱ्या बाजूस तंजावरात मराठी बोलणारा राजा, आणि मध्ये ट्रँकेबारचे हे मिशनरी. ही साखळी पाहून आमच्या मनास मोठे कौतुक वाटले.

फॅब्रिशिअसचा संसार व नोकरी मात्र सुखाची नव्हती. १७७० मध्ये कोपनहेगनला आणि १७७५ मध्ये कील विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. कील येथे त्याला निसर्गशास्त्राबरोबर अर्थशास्त्रही शिकवावे लागे, आणि त्याने त्या विषयावरही पुष्कळ लिहिले. येण्यापूर्वी त्याला वचन देण्यात आले होते की येथे संग्रहालय उभारू, वनस्पतींची बाग लावू. संग्रहालय झाले नाही. बागही झाली नाही. अनेकदा त्याने राजीनाम्याची तयारी केली, आणि दर वेळी त्याच्या विद्यार्थ्यांनी आर्जव करून त्याला थांबविले. ज्या शिक्षकास आश्वासने देऊन आणतात आणि मग कपाटसुद्धा देत नाहीत, त्याची स्थिती आम्ही शिक्षकवर्ग जाणतो. परंतु विद्यार्थ्यांनी धरून ठेवावे हे भाग्य सर्वांना लाभत नाही.

१७७१ मध्ये त्याचा विवाह ॲना सेसिलिया अँब्रोसिअस हिच्याशी झाला. तीन मुले झाली. दोन पुत्रांनी वैद्यकाचा अभ्यास केला. एकुलती एक कन्या पॅरिसमध्ये अपघातात दगावली. उतारवयात त्याचे मन कीलपेक्षा पॅरिसमध्ये, तेथील संग्रहालयांत व विद्वानांत अधिक रमे, आणि वर्षातील बराच काळ तो तेथे राही. तेथे असतानाच, सप्टेंबर १८०७ मध्ये इंग्रजांच्या आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागून शहराची राखरांगोळी केल्याची व डेन्मार्कचे सारे आरमार पळवून नेल्याची वार्ता आली. तो तातडीने कीलला परतला. देशाची ही दशा पाहून त्याची प्रकृती ढासळली ती सावरलीच नाही. ३ मार्च १८०८ रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्याचे निधन झाले. त्याच वर्षी ट्रँकेबारही इंग्रजांच्या हाती पडले. ज्या लंडनमधील मित्रांच्या घरी त्याने उन्हाळेच्या उन्हाळे काढले, त्यांच्याच राजाच्या तोफांनी त्याचे शेवटचे दिवस काळवंडले, हे दुःख त्याला किती झोंबले असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

आता तो कंस. फॅब्रिशिअसने १७९८ मध्ये आपल्या कोळ्यास जेमिनाटा हे नाव दिले तेव्हा जगातील झाडून सारे कोळी अरानिआ नावाच्या एकाच कुळनामाखाली होते. पुढे कोळ्यांची संख्या वाढली तशी ही कुळे वेगळी करावी लागली. १८३३ मध्ये सुंडेव्हाल या स्वीडिश पंडिताने काटेरी कोळ्यांस गॅस्टराकँथा हे नवे कुळनाम दिले. ग्रीक भाषेत गॅस्टर म्हणजे पोट, अकँथा म्हणजे काटा. जेमिनाटा नव्या कुळात गेला. नियम असा की जातीचे नाव आहे तेच, पण कुळ बदलले, तर मूळ नामकर्त्याचे नाव व वर्ष कंसात घालावयाचे. म्हणजे कंस ही शिक्षा नव्हे. मुलगी सासरी गेल्यावर आडनाव बदलते, पण आईबापांनी ठेवलेले नाव कोणी ठेवले हे विसरू नये, म्हणून केलेली ती नोंद आहे. कुळ न बदललेल्या प्राण्याच्या नावापुढे नामकर्ता कंसाविना मोकळा उभा असतो. मुलांनी हे पुढच्या वेळी पाहावे.

फॅब्रिशिअसच्या त्या दोन-चार ओळींच्या वर्णनांनी नंतरच्या अभ्यासकांस पुष्कळ छळले, हेही सांगावयास हवे. दहा हजार प्राणी उरकावयाचे तर प्रत्येकास वेळ थोडा. आणि एकाच वर्णनात कधी दोन-दोन जाती बसू लागल्या. तेव्हा कोपनहेगनच्या संग्रहातील त्याने हाताळलेले मूळ नमुने काढून पाहण्यावाचून गत्यंतर नसे, व ते तेथे आजही जपलेले आहेत. हिंदुस्थानातील कोळ्यांचा पहिला सविस्तर इंग्रजी ग्रंथ पोकॉकने १९०० मध्ये लिहिला, आणि तेव्हा कोठे या देशातील काटेरी कोळी एका ठिकाणी व्यवस्थित मांडले गेले.

नाव ठरविण्यातील घोटाळे शास्त्रज्ञांचेच होतात असे नाही. नीतिसूत्रांच्या तिसाव्या अध्यायात राजवाड्यात राहणाऱ्या एका लहान प्राण्याचा उल्लेख आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तो कोळी आहे. नव्या भाषांतरांत तो पाल आहे. मूळ इब्री शब्द एकच. आमच्या आठवीच्या विद्यार्थ्यास हे सांगितले तेव्हा त्याने लगेच विचारले, की मग राजवाड्यात नक्की कोण होते? आम्ही म्हटले, आमच्या आढ्यात तरी दोघेही आहेत.

त्या मुलाने आता छायाचित्रावरून एक मोठे रंगीत चित्र काढले आहे. सहाही काटे मोजून घातले आहेत, व जाळ्यावरील पांढरे ठिपकेही. खाली पूर्ण नाव कंसासकट लिहिले आहे. कंसानंतर थोडी जागा सोडून त्याने बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली आहे : आंबोली येथे प्रथम आईने पाहिला. आम्ही ती खोडली नाही. चित्र विज्ञानाच्या वर्गात, खिडकीशेजारच्या भिंतीवर लावले आहे; पालकांनी स्नेहसंमेलनास येतील तेव्हा अवश्य पाहावे.